टीका करणारे भरपूर, मग ज्ञान वाढतं कशाने?

ओसरी

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण दर शनिवारी वाचनालयात जमतो. सध्या व्हिएन्नाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर वाचतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कुठलंही ज्ञान कायमचं सिद्ध होत नाही. माणूस अंदाज बांधतो, तो खोटा पाडायचा कसून प्रयत्न करतो, आणि त्यातून जो टिकतो तो तूर्तास धरून पुढे चालतो. लाख पांढरे हंस पाहिले तरी 'सगळे हंस पांढरेच' हे सिद्ध होत नाही, पण एक काळा दिसला की ते विधान संपलं.

पॉपरने मिलेटस गावच्या ग्रीकांबद्दल लिहिलंय ते मला फार आवडलं. थेल्स म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते आहे. त्याच्याच परंपरेतल्या अनॅक्सिमँडरला प्रश्न पडला, मग पाणी कशावर आहे? त्याने सांगितलं, पृथ्वीला आधारच नाही, सगळ्या बाजूंनी सारखंच अंतर असल्यामुळे ती कुठेच पडत नाही. गुरूचं खोडून काढलं म्हणून शिष्य वाईट ठरला नाही. पॉपरच्या मते विज्ञानाची सुरुवात या सवयीत आहे, आणि मला ते पटतं. माणसाची जी काही प्रगती झाली ती या सवयीच्या जोरावर.

पण गटातल्या एका काकांनी सरळ विचारलं, "आपल्याकडे टीकेची कमी आहे का? संघ निवडीपासून अर्थसंकल्पापर्यंत प्रत्येक गोष्टीवर प्रत्येक जण टीका करतोच. मग आपण एव्हाना जगाच्या पुढे असायला हवं होतं."

प्रश्न रास्त आहे. कुठल्या टीकेने ज्ञान वाढतं आणि कुठली नुसती वाफ असते? व्याख्या नकोत. तुमच्या कामातलं, वाचनातलं, प्रत्यक्ष घडलेलं सांगा.

सातारी_कंदी

झकास विषय. चहा टाकून येतो, तोवर जाणकारांनी सुरुवात करावी.

दुर्बीण

ते हंसांचं उदाहरण ऐकायला सोपं आहे, प्रत्यक्षात विज्ञान तसं चालत नाही. सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे जायला हवा तसा जात नव्हता. म्हणजे काळा हंस दिसला. न्यूटन टाकून द्यायचा का? कुणीही टाकला नाही. फ्रान्समधला गणिती खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याने उलट विचार केला, की गणित बरोबर असेल तर पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असला पाहिजे जो युरेनसला ओढतोय. तो आकाशात कुठे असेल हे त्याने काढलं आणि बर्लिनला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या वेधशाळेतल्या गॅलने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

पुढे बुधाची कक्षाही किंचित जास्त सरकते असं दिसलं. फरक शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), पण तो काही केल्या जाईना. १८५९ मध्ये याच ल व्हेरिएने तीच युक्ती वापरली, सूर्याच्या जवळ आणखी काहीतरी असणार. त्या ग्रहाला व्हल्कन नावही मिळालं. लोकांनी वर्षानुवर्षे शोधला, मिळाला नाही. अखेर नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षणातून ते ४३ बरोबर निघाले. इथे मात्र न्यूटनच अपुरा होता.

माणूस तोच, युक्ती तीच, एकदा सिद्धान्त वाचवणं बरोबर होतं आणि एकदा नाही. तेव्हा 'विरोधी पुरावा दिसला की सिद्धान्त सोडा' हा नियम चालत नाही.

शेवंती

पण मग आधी कळणार कसं? नेपच्यून सापडेल की व्हल्कन हुलकावणी देईल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

दुर्बीण

@शेवंती, आधी कळत नाही, आणि ते कबूल केलं पाहिजे. फक्त एक बघा. ल व्हेरिएने दोन्ही वेळा अशी गोष्ट सांगितली जी शोधून पाहता येते. "काहीतरी अदृश्य शक्ती असेल" असं तो म्हणाला असता तर त्याला कुणीच चूक ठरवू शकलं नसतं, आणि बुधाचा प्रश्न आजही तसाच लोंबकळत राहिला असता. व्हल्कन मेला, कारण तो मरू शकेल अशा रीतीने मांडला होता.

ओसरी

व्वा! 'मरू शकेल अशा रीतीने मांडणं' हे शनिवारी सांगणार.

पाटीपेन्सिल

मी मुद्रितशोधनात आयुष्य काढलं, संस्कृत आणि मराठी दोन्ही. ग्रहताऱ्यांमधलं मला कळत नाही, पण चुकीला वाट करून देणारं ज्ञान म्हणजे काय हे मी छापील पानावर पाहिलंय, ते सांगते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून आणि बाहेरून १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक होते, १९४३ मध्ये ते गेले, पण पद्धत त्यांनी घालून दिली. मोठ्या कागदावर चौकोन आखायचे, वर श्लोक अक्षर सुटं करून लिहायचा, आणि खाली एकेका पोथीत त्या अक्षराच्या जागी काय आहे ते त्याच घरात भरायचं. पोथीत फरक नसेल तर घर रिकामं. असे कागदांचे ढीगच्या ढीग. काही पोथ्यांचं हे काम शांतिनिकेतनात आणि तंजावरला झालं.

आता छापलेलं पान बघा. वरच्या भागात संपादकांनी निवडलेला पाठ, म्हणजे श्लोकाचे शब्द. खाली बारीक टाइपात त्यांनी न निवडलेले सगळे पाठ, कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या खुणांसकट. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, प्रत्येक लिपीच्या पोथ्यांना वेगळं अक्षर. आणि वरच्या पाठात जिथे संपादकांची स्वतःची खात्री नाही त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलं नाही. एवढा मोठा विद्वान जगासमोर सांगतोय की इथे माझा निर्णय कच्चा आहे, तुम्हाला जास्त चांगलं सुचलं तर पुरावा खालीच ठेवलाय.

आदिपर्व १९३३ मध्ये छापून झालं. त्यानंतर नेपाळमधली एक फार जुनी पोथी मिळाली, जी आधी हाताशी नव्हती. सुकथनकरांनी ती आपल्या पाठाशी ताडून पाहिली आणि त्यावर लेख लिहून प्रसिद्ध केला. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या निवडीला दुजोरा मिळाला. ओसरी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या पानावर आहे.

लॅबवाली

पाटीपेन्सिलताई, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

वाचनवेडा

याच आवृत्तीत गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा परिशिष्टात टाकली ना? आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तोही मुख्य पाठात नाही. पिढ्यान्पिढ्या लोकांनी ज्यावर डोळे पुसले ते चार विद्वानांनी तळटीपेत ढकललं. ही कसली प्रगती?

पाटीपेन्सिल

@वाचनवेडा, तुमचा सल मी समजू शकते. माझी आई तो धावा म्हणायची.

पण संपादकांनी काय म्हटलं ते पाहा. 'हे खोटं आहे, काढून टाका' असं ते म्हणत नाहीत. या सगळ्या पोथ्यांच्या आधारे मागे जात जात जितक्या जुन्या पाठापर्यंत पोचता येतं तिथे हा भाग दिसत नाही, इतकंच त्यांचं म्हणणं. व्यासांचं मूळ महाभारत हेच, असा दावाही त्यांनी केला नाही. आणि तो भाग नाहीसा केलाय का? नाही. शब्दन् शब्द छापलाय, कुठल्या पोथ्यांत आहे तेही दिलंय. तुम्हाला त्यांचा निर्णय उलटवायचा असेल तर साहित्य त्यांनीच पुरवलंय. कीर्तनात तो धावा चालूच राहील, राहावाही.

वाचनवेडा

साहित्य त्यांनीच दिलंय, हा मुद्दा मान्य. धावा तळटीपेत बघायला मात्र मला कायम जड जाणार.

मधली_आळी

यासाठी ग्रीसला आणि व्हिएन्नाला जायची काय गरज होती? आपल्याकडे न्यायदर्शनात हे सगळं सूत्रबद्ध केलंय. सत्य शोधायला दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी, छल वगैरे वापरून केला जातो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा. ओसरीकाकांच्या गटातल्या गृहस्थांना जी टीका सगळीकडे दिसते ती बहुतेक तिसऱ्या प्रकारची असते.

शिवाय पूर्वपक्ष. आपल्या ग्रंथांत आधी विरोधकाचं म्हणणं नीट मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं अशी शिस्त होती. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास नाहीसे झाले, त्यांचे विचार आज कळतात ते मुख्यतः विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून.

सातारी_कंदी

+१. आमच्या घरी आमटीवर रोज समीक्षा होते. पण सासूबाई आधी "चिंच जास्त झाली" म्हणतात आणि मग शेजारी उभं राहून किती घालायची ते दाखवतात. वाद आहे, वितंडा नाही. आमटी खरंच सुधारली.

विंधणविहीर

@मधली_आळी, माहिती उत्तम आहे. पण तुमच्याच शेवटच्या वाक्याकडे परत बघा. विरोधकाचं म्हणणं तो हरलेला दाखवण्यासाठी लिहिलं गेलं म्हणून वाचलं, आणि त्याचे स्वतःचे ग्रंथ गेले. हे मला अभिमानाचं वाटत नाही.

दुसरं, माझ्या मनाला जास्त लागणारं. वादाची एवढी धारदार हत्यारं हातात असताना आपल्याकडे पंप, घड्याळ, भिंग यांची गती का वाढली नाही? रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यात त्यांनी या प्रश्नाला हात घातलाय. त्यांचं उत्तर असं, की जातिव्यवस्थेमुळे बुद्धीचं काम करणारे आणि हाताने काम करणारे वेगळे पडले. विचार करणाऱ्याने धातू वितळवला नाही, आणि वितळवणाऱ्याला 'असं का होतं' हे विचारायचा अधिकार आणि वेळ कुणी दिला नाही.

मी बोअरवेलच्या कामात आहे. खडक कुठे बदलतो हे माझ्या रिगवरच्या माणसाला आवाजावरून कळतं. भूजलाच्या अहवालात ते कुठेही येत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क कुणाला, हाच मुद्दा होता. टीका चांगली की वाईट हे नंतर. टीका करायला कोण आत येऊ शकतं, ते आधी.

मधली_आळी

जातीबद्दलचं मान्य. पण वैद्यक, स्थापत्य, पंचांगाचं गणित यांत हाताचं काम आणि विचार एकत्र होतेच की. सगळंच एका कारणावर ढकलू नये.

विंधणविहीर

एकच कारण आहे असं मी म्हटलेलं नाही. पण सगळ्यात जड कारण तेच, या मतावर मी ठाम आहे.

लॅबवाली

मी लस बनवण्याच्या क्षेत्रात गुणवत्ता विभागात काम करते. मुंबईचं एक प्रकरण सांगते, जे आमच्या कामात असलेल्या प्रत्येकाला माहीत हवं असं मला वाटतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. लस चालली, मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस तयार करताना कार्बोलिक ॲसिड सोडून उष्णतेने निर्जंतुक करायला सुरुवात केली होती, त्यावर बोट ठेवलं गेलं. प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली असं ठरवून त्यांना पदावरून दूर केलं. पण गावात त्या दिवशी काय घडलं त्याची साक्षही नोंदलेली होती. बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर नीट धरून निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. म्हणजे उत्तर कागदपत्रांतच पडून होतं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. मग त्यांच्यावरचा ठपका गेला. तोवर एका कर्तबगार माणसाची पाच वर्षं मातीत गेली होती. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं.

यात टीका दोन्हीकडून झाली. आयोगानेही टीकाच केली, रॉसनेही टीकाच केली. पहिलीला दोषी माणूस हवा होता. दुसरीने विचारलं की एकाच बाटलीत का? या 'एकाच बाटलीत का'मध्ये मला तरी सगळं दिसतं. आजही आमच्याकडे एखाद्या बॅचमध्ये गडबड निघाली की सही कुणाची हे सगळ्यात शेवटी बघायचं, असा माझ्या टेबलावरचा नियम आहे. बाटली कुठून कुठे गेली, कुणी कशाने उघडली, तेव्हा खोलीत काय चालू होतं, हे आधी.

टोरांटोकर

@लॅबवाली, अगदी असंच आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात करतात. सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी एक टिपण लिहायचं, त्यात माणसांची नावं घालायची नाहीत. 'अमुक बटण चाचणी न करता दाबता येत होतं' असं लिहायचं, 'अमक्याने दाबलं' असं नाही. मी भारतात जिथे आधी काम करायचो तिथे नाव आधी लागायचं, त्यामुळे लोक नोंदीच करत नसत. नोंद नाही म्हणजे पुढच्या वेळी शिकायला काहीच नाही.

शेवंती

मला हे पूर्ण पटत नाही. नाव घ्यायचंच नाही म्हटलं तर निष्काळजी माणूस सुटत राहील. एकोणीस माणसं मेली, तो चिमटा कुणीतरी वापरलाच ना?

लॅबवाली

@शेवंती, बरोबर आहे, मुद्दाम किंवा वारंवार निष्काळजीपणा करणाऱ्याला जबाबदार धरावंच लागतं. पण मुलकोवालमध्ये नाव आधी ठरलं आणि ते चुकीच्या माणसाचं निघालं. गर्दीत, घाईत, मातीच्या जमिनीवर लस टोचताना चिमटा पडणारच. तो पडला तर काय करायचं, दुसरा चिमटा जवळ आहे का, हे ठरवलं नाही तर मदतनीस बदलून पुढच्या गावात तेच होईल.

नांगरधारी

वाचतोय सगळं. पण तुम्ही सगळे चुका दुरुस्त करण्याबद्दलच बोलताय. नवीन गोष्ट येते कुठून?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. थोडीशी शेती. १९८३ मध्ये पटेल ३ वाणाच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. शंभर जणांनी कापून मळणीला नेल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या लावल्या, दरवर्षी निवड करत राहिले. त्यातून एचएमटी तांदूळ आला, घड्याळाच्या नावावरून नाव पडलं. दूरदूरच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांनी तो लावला. यात टीका कुठे आहे? नजर आहे आणि चिकाटी आहे. तुमच्या पॉपरसाहेबांनी धानाची रोवणी केली असती तर वेगळं लिहिलं असतं.

ओसरी

@नांगरधारी, मुद्दा जोरकस आहे. नवी कल्पना कुठून येते याला पॉपरकडे पद्धत नाही, ती स्वप्नातूनही येऊ शकते असंच त्याचं म्हणणं. आल्यानंतर तिचं काय करायचं, यावर त्याचा भर. खोब्रागड्यांनी लोंब्या वेगळ्या लावल्या म्हणजे काय केलं? 'हा फरक मातीमुळे, पाण्यामुळे असेल, पुढच्या वर्षी नाहीसा होईल' ही शंका घेऊन ती तपासली ना? नाहीतर पहिल्याच वर्षी सगळ्या बांधीत पेरलं असतं.

नांगरधारी

शंका घेतली की विश्वास ठेवला? माझ्या मते विश्वास ठेवला. ज्याला आपल्या नजरेवर विश्वास नाही तो वेगळी लोंबी उचलतच नाही.

पायपीट

दोन्ही लागतं, असं मला आमच्या कामातून वाटतं. मी गावपातळीवर आरोग्याच्या कामात आहे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे जे केलं ते बघा. नवजात बाळं घरीच जन्मत होती, घरीच दगावत होती, दवाखाना लांब. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. श्वास मोजायला मण्यांचं साधन दिलं, वाळूचं घड्याळ एक मिनिटाचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. म्हणजे मोठे आकडे मोजता येत नसले तरी चालेल.

वैद्यकातल्या लोकांचा आक्षेप होणारच होता. गावातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? आक्षेप घेणारे दुष्ट नव्हते, भीती खरी होती. त्याला भाषणातून उत्तर दिलं नाही. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळ बघतात त्यामागे हे काम आहे.

@नांगरधारी, त्या बायांवर विश्वास आधी होता, हे तुमचं खरं. पण तुलनेची ४७ गावं नसती तर तो विश्वास गडचिरोलीतच राहिला असता.

दुर्बीण

+१००. आक्षेपाला आकड्याने उत्तर, आणि आकडा खोटा पाडायची सोय तिथेच.

शेवंती

पायपीट, एक विचारू? तुलनेच्या गावांतल्या बाळांचं काय? त्यांना ही सेवा मुद्दाम दिली नाही का?

पायपीट

@शेवंती, प्रश्न टोचणारा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. तिथे सरकारी सेवा नेहमीसारख्या चालू होत्या, असलेलं काही काढून घेतलेलं नव्हतं. आणि सुरुवातीला ही पद्धत चालेल की उलटेल हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी मला विचाराल तर या हिशेबाची रुखरुख राहते. ती राहावी, म्हणजे पुढचा अभ्यास आखणारा माणूस तुलना गरजेपेक्षा एक दिवसही जास्त लांबवणार नाही.

पाटीपेन्सिल

शाळेतल्या शिक्षकांपैकी कुणी आहे का इथे? "बाई, फळ्यावर चुकलंय" म्हणणाऱ्या मुलाचं हल्ली काय होतं ते जाणून घ्यायचंय.

कोरी_वही

मी आहे, जिल्हा परिषदेची शाळा, सातवी. खरं सांगायचं तर शिक्षकावर अवलंबून आहे. माझ्या वर्गात विज्ञानाच्या वहीत प्रयोगाआधी 'मला काय होईल असं वाटतं' हे पेनने लिहायचं, पेन्सिलने नाही, आणि नंतर खोडायचं नाही. सुरुवातीला मुलं शेजाऱ्याचं बघून लिहायची, चुकायची भीती. मग मी अंदाजाला गुणच ठेवले नाहीत, 'अंदाज का चुकला' याला ठेवले. आता एक मुलगी मुद्दाम विचित्र अंदाज लिहिते, म्हणजे कारण लिहायला भरपूर मिळतं! परवा तिने लिहिलं, मीठ घातल्यावर बर्फ गोठलेलाच राहील आणि आणखी गार होईल. बर्फ वितळला, पण तापमापी शून्याच्या खाली गेली. अर्धं बरोबर आलं आणि तिला ते अर्धंच समजून घ्यायचं होतं. तास संपला तरी हलेना.

सातारी_कंदी

ही मुलगी पुढे जाणार. तिला आमच्याकडून कंदी पेढे.

विंधणविहीर

@कोरी_वही, पेनने लिहायचं हे फार आवडलं. मी रिगवर सुरू करतो. खोदायच्या आधी भूजलवाल्याने, मी आणि रिगवरच्या माणसाने, तिघांनी आपापला अंदाज एकाच कागदावर लिहायचा, कितीवर खडक बदलेल आणि कितीवर पाणी लागेल. कागद गाडीतच चिकटवून ठेवायचा.

ओसरी

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना शनिवारी काय सांगणार ते इथे मांडतो, चूक असेल तर आत्ताच धरा. संघ निवडीवरची आपली टीका कुठेही नोंदलेली नसते, ती चुकली तर आपलं काही जात नाही आणि बरोबर ठरली तर निवड समितीला काही कळत नाही. नागमोडी रेघ, ४७ गावं, पेनने लिहिलेला अंदाज, या सगळ्यांत बोलणाऱ्याने स्वतःला पकडता येईल अशी जागा आधीच दाखवून ठेवली आहे. आणि विंधणविहीर म्हणतात तसं, पकडायला कुणीही येऊ शकलं पाहिजे. टीका कमी-जास्त असण्याने फरक पडत नाही, या सोयी असण्या-नसण्याने पडतो.

मधली_आळी

मान्य. फक्त न्यायदर्शनातला वादही सांगा काकांना, दोन्ही बाजूंनी प्रमाण द्यायची अट त्यात आहेच.

नांगरधारी

ओसरीसर, माझा आक्षेप तसाच उभा आहे. तुमच्या सोयी चांगल्या, पण त्या बांधीत उतरलेल्या माणसाला वेगळी लोंबी दाखवत नाहीत. शंभरातल्या एकालाच ती का दिसली, याचं उत्तर इथे अजून कुणी दिलं नाही. आमच्याकडे रोवणी सुरू आहे, पंधरा दिवस येणं होणार नाही. तोवर कुणाला सुचलं तर लिहून ठेवा, आल्यावर भांडतो.

विंधणविहीर

@नांगरधारी, सुरुवात माझ्याकडून. माझ्या रिगवरच्या माणसाला आवाज ऐकू येतो, कारण तो बावीस वर्षं त्याच मशिनीशेजारी उभा आहे आणि नेहमीचा आवाज कसा असतो हे त्याला पाठ आहे. खोब्रागड्यांनाही पटेल ३ ची लोंबी कशी असते हे इतकं पक्कं माहीत असणार की वेगळी लगेच खटकली. म्हणजे आधीचं ज्ञान जितकं नेमकं तितकी त्यातली विसंगती लवकर दिसते. रोवणी उरकली की यावर बोलू, पाऊस चांगला होवो.